डबी कुठे बसवायची

१७ मे, शनिवार

आर्डिस आज सकाळी फ्लॅगस्टाफला गेली, बहिणीकडे. नोरीन स्वतः गाडी घेऊन न्यायला आली होती. दरवर्षीचं आहे हे. तिला इथला उन्हाळा सोसत नाही आणि तिकडे डोंगर, पाइनची झाडं, जूनमध्येसुद्धा पांघरूण लागतं. तीन आठवड्यांत येते म्हणाली. बॅगा मात्र चार. एकीत हिवाळ्याचा लांब कोट. मी म्हटलं, "मे महिन्यात कोट कशाला?" तर "असू दे" म्हणाली. बायकांचं सामान, उगाच गाडीला वजन.

निघताना खिडक्यांबद्दल काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, "जा गं, नोरीन हॉर्न मारतेय. मला कळतं सगळं." तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं मशिनरीचा फोरमन होतो मी. रोजची नोंदवही लिहायची सवय तिथलीच. दोनशे माणसं सांभाळली, एक घर काय मोठं!

२१ मे, बुधवार

बाहेर एकशे दोन फॅरनहाइट. आत त्याहून वाईट. छतावरचा कूलर धडधडतोय, पाणी पितोय, हवा फेकतोय, पण घरात ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्यासारखं वाटतं. गरम हवा आत येऊ नये म्हणून मी पहिल्याच दिवशी सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या, नाहीतर कल्पना करवत नाही काय झालं असतं.

आज पावाला बुरशी आली. ॲरिझोनाच्या वाळवंटात! बाथरूमचं दार फुगून चौकटीत अडकलं. मी आतल्या बाजूला होतो. वीस मिनिटं गेली.

२४ मे, शनिवार

कूलर उघडला. गवताच्या जाळ्या नव्या घातल्या, पट्टा बदलला, पंप धुतला, पंख्याला तेल दिलं. त्र्याहत्तराव्या वर्षी भर उन्हात छतावर. शेजारचा हर्शेल पिंकनी आपल्या ओट्यावर बर्फाचा चहा पीत बघत होता. हा आमच्या सोसायटीच्या कमिटीचा अध्यक्ष, म्हणजे कोणाच्या छतावर कोण चढलंय हे बघायचा त्याला अधिकृत परवाना.

"वेंडेल, पडलास तर कुंपणाच्या तुझ्या बाजूला पड हं," म्हणाला.

काही फरक नाही. कूलर गेला. सव्वीस वर्षं चालला बिचारा.

२८ मे, बुधवार

आर्डिसला फोन केला, कूलर मेला म्हणून. ती म्हणाली, "खिडक्या बघितल्यास?" आता हिला काय सांगावं! मशीन बिघडलंय आणि ही खिडक्यांचं घेऊन बसलीय. मी तिला सगळं समजावलं, पंखा, पंप, पट्टा, वीसएक मिनिटं. मग म्हटलं, मी ठरवलंय, आता कूलरची भानगडच नको. सबंध घराचं यंत्र बसवून टाकू. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम, खोल्याखोल्यांतून हवा नेणारे डक्ट.

"तुला हवं ते कर, वेंडेल," म्हणाली. म्हणजे पसंत आहे.

तिला तिथल्या लायब्ररीत आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालंय म्हणे. सुट्टीला गेलेलं माणूस काम कशाला करतं? नोरीनचं घर कंटाळवाणं असणार, दुसरं काय.

१ जून, रविवार

आज रूबेन तेयेस येऊन गेला, यंत्र बसवणारा. चाळिशीचा, मिशीवाला, बोलायला सावकाश. रविवारी येतो म्हणजे कामाचा माणूस आहे. घराला किती गारवा लागेल याचा म्हणे हिशेब करावा लागतो. हातात एक लांबलचक फॉर्म. प्रत्येक खोली कुठल्या दिशेला, काच किती, आणि तिथे कोण बसतं, कधी बसतं.

"बैठकीची खोली?"

"मी. दिवसभर."

"ही मधली?"

"माझे दगड." चाळीस वर्षं मी वाळवंटातून दगड गोळा करतोय. स्फटिक, जास्पर, गारगोट्या, एक्केचाळीस खोकी. पूर्वी ती आर्डिसची शिवणाची खोली होती, पण दगडांना जागा लागते.

"दगडांना गारवा लागतो का, क्रॅमरसाहेब?"

"नाही."

त्याने रकान्यात "दगड" असं लिहिलं. "आणि बाई दुपारच्या कुठे बसतात?"

"घरात."

"घरात कुठे?"

आता काय सांगणार? सेहेचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा. मी म्हटलं, "असते इकडेतिकडे." रूबेन पुढे गेला आणि कपडे धुवायच्या खोलीचं दार उघडून उभा राहिला. पश्चिमेची खिडकी, कपडे वाळवायचं मशीन, आणि मशीन आणि भिंत यांच्या फटीत एक लाकडी खुर्ची, उशी बांधलेली. टेबलदिवा. लायब्ररीची पुस्तकं. भिंतीवर कॅलेंडर. त्याने तापमापक धरला, एकशे चार.

"इथे कोणी बसतं?"

"कपडे धुते ती इथे."

"दिवा लावून?"

 दोन माणसांचे कपडे ते किती, आणि रोज एक ते पाच ही आत असायची. मला वाटायचं बाई कामसू आहे.

मग तो छतावर गेला, पाच मिनिटांत खाली आला. "कूलरला काहीही झालेलं नाही," म्हणाला. "खिडक्या बंद का आहेत?"

"गरम हवा आत येऊ नये म्हणून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तिला बाहेर पडायला वाट नको? ज्या खोलीची खिडकी उघडी, त्या खोलीकडे गारवा जातो. किती उघडी, यावर सगळा खेळ. सव्वीस वर्षं हे कोण बघत होतं?"

कोणीच नाही, म्हणणार होतो. मग आठवलं. सकाळी, दुपारी, ऊन उतरताना, आर्डिस घरभर फिरायची. ही खिडकी दोन बोटं वर, ती चार बोटं खाली. आणि मी खुर्चीतून ओरडायचो, "किती वेळा त्या खिडक्या करतेस! बस की एका जागी!"

हे कोणाला सांगायचं नाही. म्हणून इथे लिहिलं.

२ जून, सोमवार

खिडक्यांच्या चौकटींवर पेन्सिलीच्या खुणा आहेत! बारीक रेघा, शेजारी तिचं अक्षर. "जून, दुपार." "मे, सकाळ." "वारा पश्चिमेचा." सगळ्या अकरा खिडक्यांवर. माझ्या खुर्चीमागच्या खिडकीवर लिहिलंय, "वे. झोपला की." चष्मा लावून एकेक वाचली, खुणेवर काच आणली. अर्ध्या तासात घर गार. इतकं गार, की मला रडू आलं. वयामुळे असेल.

७ जून, शनिवार

तीन आठवडे झाले. फोन केला, तर नोरीनने उचलला. आर्डिस लायब्ररीत होती. मी विचारलं, कधी निघतेय?

"वेंडेल, तू मूर्ख आहेस, की मुद्दाम करतोस?"

ही बाई माझ्याशी कधी सरळ बोललेली नाही. मी म्हटलं, नीट सांग.

"तिने इथे खोली बघितलीय. एक जुलैला राहायला जाणार आहे."

"कोणाबरोबर?"

"स्वतःबरोबर!"

 मी विचारलं, "उन्हामुळे?"

 मग म्हणाली, "उन्हामुळे म्हण, हवं तर."

म्हणजे ऊनच! मी काय म्हणत होतो? आज जेवण गेलं नाही. मला ती परत हवी आहे. लिहायला सोपं आहे, फोनवर हे कसं बोलतात मला माहीत नाही. यंत्र एक जुलैच्या आत बसलं पाहिजे.

९ जून, सोमवार

रूबेनला सांगितलं, पक्कं. तो प्रामाणिक निघाला. "खुणांवर खिडक्या ठेवल्या तर तुमचं भागतंय की, साहेब. जुलैत हवा दमट झाली की त्रास होईल, तेवढंच."

"माझं भागतंय. पण तिने आयुष्यभर खिडक्यांमागे धावायचं का?"

"त्यांना विचारलंत?"

"आश्चर्याचा धक्का द्यायचाय."

रूबेनने मिशीवरून हात फिरवला. "माझ्या बायकोला मी एकदा असाच स्वयंपाकघराचा धक्का दिला होता," म्हणाला. "अजून ऐकून घेतोय."

११ जून, बुधवार

कमिटी! बाहेर ठेवायचं यंत्र रस्त्यावरून दिसता कामा नये, भोवती भिंत हवी, आणि भिंतीला मंजूर रंगच हवा. हर्शेल टेप आणि रंगाची दोन कार्डं घेऊन आला. एक "वाळवंटी पहाट", दुसरं "वाळवंटी सांज". मी दोन्ही उन्हात धरली, सावलीत धरली. दोन्ही मातकट.

"यात फरक काय?"

"पहाट चालते. सांज चालत नाही," हर्शेल म्हणाला. "आर्डिस असती तर तिने एका नजरेत ओळखलं असतं. कधी येतेय?"

"येईल."

"माझी मार्गी पण अशीच 'येईल' होती," एवढं बोलून टेप गुंडाळत गेला. मला वाटायचं मार्गी, त्याची बायको, वारली. विचारायची हिंमत झाली नाही.

१४ जून, शनिवार

मधल्या खोलीतून दगड बाहेर काढले. रूबेनला छतात डक्टचं तोंड बसवायला जागा हवी होती, म्हणून. तोंडाला फूटभर जागा पुरते, पण आता लागलोच होतो तर सगळीच खोकी काढली. दोन दिवस गेले. मागच्या अंगणात रचलीत. कंबर बोलतेय, अंगठ्याचं नख काळं पडलंय.

खोली रिकामी झाल्यावर लक्षात आलं, तिला उत्तरेची खिडकी आहे. घरातली सगळ्यात थंड खोली. तिथे मी चौदा वर्षं दगड ठेवले होते.

१९ जून, गुरुवार

क्रेन आली. जुना कूलर छतावरून खाली उतरला, तेव्हा सगळी गल्ली बघायला. हर्शेलने टोपी काढली, कोणी मेल्यासारखी. पत्र्याचे डक्ट छताच्या पोकळीतून फिरलेत, घर आतून मोठ्या प्राण्यासारखं दिसतंय. रूबेन आणि त्याचा भाऊ झपाझप काम करतात. मी सूचना देतो. ते दोघं स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलतात आणि मान हलवतात. माझ्या अनुभवाचा फायदा होतोय त्यांना.

२० जून, शुक्रवार

सगळं झालं. राहिली फक्त भिंतीवरची डबी, थर्मोस्टॅट. ती लावली की तापमान ठरवायचं आणि यंत्र सुरू. रूबेनने विचारलं, "कुठे बसवू? तुमच्या खुर्चीशेजारी? हाताशी राहील."

मी तोंड उघडलं होतं हो म्हणायला. हाताशीच हवी ना! जुन्या कूलरचं बटणही तिथेच होतं. टीव्हीचं तिथेच, अंगणातल्या दिव्यांचं तिथेच. आणि एकदम काय झालं कोण जाणे, म्हटलं, "थांब. तिला विचारतो."

रूबेनने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. फोन लावला. आर्डिसनेच उचलला.

"भिंतीवरची डबी कुठे बसवायची?"

 पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"तू मला विचारतोयस?"

"हो."

"तुझ्या खुर्चीपाशी लाव की. नेहमीसारखं."

"नाही. तुला विचारलंय."

 मग म्हणाली, "फोनवर कसं सांगू? बघायला लागेल."

"मग ये बघायला."

"आणि तोवर?"

"तोवर बंद."

"एकशे दहा आहे तिथे! वेडा झालास का?" आवाज चढला तिचा. किती दिवसांनी ओरडली माझ्यावर. फार बरं वाटलं.

रूबेन म्हणाला, तात्पुरती कुठेतरी टांगतो, नंतर हलवू. मी म्हटलं, नको. मी स्वतःला ओळखतो. एकदा टांगली की तीच जागा कायमची.

२२ जून, रविवार

एकशे तेरा. कूलर नाही, नवं यंत्र मुकं. भिंतीतून एक वायर लोंबतेय. पाय बादलीत घालून बसलोय. हर्शेल सोसायटीच्या कायद्याचं पुस्तक चाळून आला. घरात शिजून मरायला मनाई आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही म्हणाला, पण बर्फाची पिशवी ठेवून गेला. "चांगलं चालणारं यंत्र दारात आणि तू बादलीत? एका डबीसाठी?"

"हो."

"मी मार्गीला कधी काही विचारलं नव्हतं," म्हणाला. ती टक्सनमध्ये राहते म्हणे, नऊ वर्षं झाली. ती वारली असं मीच गृहीत धरलं होतं.

२४ जून, मंगळवार

आली! हातात फक्त पर्स. नोरीन गाडीतच बसून राहिली, एसी लावून. "दोन तासांत निघायचंय," असं माझ्याकडे न बघता म्हणाली.

आर्डिसने आधी माझ्याकडे बघितलं, मग बादलीकडे. मग खोल्या बघत निघाली. मी मागे. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, जिभेला गाठ मारून ठेवली. मधल्या खोलीच्या दारात ती थांबली. जमिनीवर खोक्यांचे चौकोन उमटलेत अजून.

"दगड कुठे गेले?"

"अंगणात. रूबेनला जागा हवी होती."

तिने वर डक्टच्या तोंडाकडे बघितलं. चांगलंच लहान आहे ते. मग माझ्या अंगठ्याकडे.   पेन्सिलीच्या खुणा सापडल्या, हे मला सांगायचं होतं, ते सोडून म्हटलं, "पावाला बुरशी आली होती."

"खिडक्या बंद ठेवल्या असशील."

"हो."

"सांगत होते मी."

"हो. ऐकलं नाही मी."

तिने वायर हातात धरली, सोडली. "दुपारचं ऊन कुठून कुठे जातं ते बघायला हवं," म्हणाली. "संध्याकाळचंही. अशी दोन तासांत जागा ठरत नाही." नोरीनला जाऊन सांगितलं. नोरीनने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि एकटीच हायवेवरच्या मोटेलात गेली.

२५ जून, बुधवार

दिवसभर आर्डिस खुर्ची घेऊन फिरत होती. इथे बस, तिथे बस, भिंतीला हात लाव. चारला रूबेन आला. तिने मधल्या खोलीत नेऊन दाखवलं, दाराच्या मागे, तिच्या खांद्याच्या उंचीला.

रूबेन अडखळला. "बाई, ही खोली थंड आहे. इथल्या हवेवरून बाकीच्या घराचा अंदाज चुकेल."

"बाकीच्या घराचा अंदाज मला आहे," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांचा. तुमच्या डबीला मी शिकवीन."

मी खाणीतली भाषा पोटात ठेवली. डबी बसली. यंत्र सुरू होणार, तेवढ्यात रूबेन म्हणतो, गरम करायची बाजूही तपासायला लागेल, दहा मिनिटं, नियम आहे. बाहेर एकशे अकरा! त्याने हीटर लावला. आम्ही तिघं अंगणात पळालो, दगडांच्या ढिगाला टेकून उभे राहिलो. घराच्या दारातून भट्टीसारखी धग येतेय, आणि हर्शेल कुंपणावरून ओरडला, "पुरे रे वेंडेल, आम्हालाही उकडतंय!"

आर्डिस हसायला लागली. थांबेचना. डोळे पुसत खोक्यावर बसली. हे हसणं मी शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही.

मग गार हवा सुटली. तिने डबीवर अडुसष्ट लावलं.

१ जुलै, मंगळवार

अडुसष्ट म्हणजे फारच झालं. बाहेर एकशे नऊ आणि मी घरात मोजे घालून. नोरीन अजून मोटेलात आहे, रागात आहे. पण हा विषय मी काढत नाही. आज एक तारीख, हेही काढलं नाही. कॅलेंडर मात्र सकाळपासून तीनदा बघितलं.

नऊला फोन वाजला. आर्डिसने मधल्या, आपल्या खोलीत घेतला, दार लोटून. मी कान देत नव्हतो, पॅसेजमधून जात होतो. दोनदा जात होतो. ती म्हणाली, "नाही. खोली दुसऱ्या कोणाला देऊन टाक म्हणावं. हो, नक्की. नाही नोरीन, तो काही बोललेला नाही. विचारलंय त्याने."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बराच वेळ.

मग म्हटलं, आता निदान दोन डिग्री वाढवून घेऊ. दार वाजवलं. माझ्याच घरात, माझ्याच यंत्रासाठी! तिसऱ्यांदा वाजवल्यावर आतून आवाज आला, "कामात आहे, वेंडेल. पाच वाजता ये."

पाचला गेलो. पाचला पाच मिनिटं कमी असताना गेलो. खिडकीपाशी तिची खुर्ची होती, आणि शेजारी स्वयंपाकघरातली एक आणून ठेवलेली. "बस," म्हणाली. बसलो. सहा वाजेपर्यंत बसलो होतो. डबीचं विचारायचं राहूनच गेलं.